रेडकाच्या वाट्याचं दूध

म्हैस व्याली की गोठ्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, काय झालं? पारडी झाली म्हटलं की घर खूश होतं. तिला नाव मिळतं, गळ्यात घुंगरू येतं, पुढं तिची वगार होते आणि चौथ्या वर्षाच्या आसपास ती दुधाला येते. 'रेडा झाला' म्हटलं की विषय तिथंच संपतो. कोल्हापूर भागातल्या गावांत विचारा नाहीतर मुंबईच्या तबेल्यात, या उत्तराचा सूर फारसा बदलत नाही. नराचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही, आणि सांगायलाही कुणी उत्सुक नसतं.

२०१९ च्या पशुगणनेत मात्र ते दिसतं. देशात म्हैसवर्गाची जनावरं जवळपास ११ कोटी. त्यांत माद्या १० कोटींहून थोड्या अधिक, आणि नर एक कोटीही भरत नाहीत. २०१२ च्या गणनेशी ताडून पाहिलं तर सात वर्षांत नर चाळीस टक्क्यांहून जास्त घटले. निसर्ग नर आणि मादी जवळपास निम्मेनिम्म जन्माला घालतो. मग बाकीचे गेले कुठं? बरेच मोठे होऊन कत्तलखान्यात गेले, यात लपवण्यासारखं काही नाही. पण कितीतरी रेडकं त्या वयापर्यंत पोचतच नाहीत. ती पहिल्या तीन महिन्यांत खुंट्यालाच मरतात, हगवणीने, जंतांनी, न्यूमोनियाने, आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या भुकेने.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ज्या जनावराचा शेवट कत्तलखान्यात होणार आहे, त्यालाही जगेल तितके दिवस पोटभर खायला, कोरडी जागा आणि वेळेवर औषध मिळालं पाहिजे. मांसासाठी नीट वाढवलेला टोणगा हा उपाशी ठेवून मारलेल्या रेडकापेक्षा शेतकऱ्याच्या हिताचा आहे आणि त्या जिवावर कमी अन्याय करणाराही आहे. दूध पिणाऱ्या प्रत्येकाचा या प्रश्नाशी संबंध आहे, कारण म्हैस व्याल्याशिवाय दूध नाही, आणि व्याली की दोनातला एक नर.

हा लेख म्हशीच्या रेडकांबद्दल आहे, गाईच्या गोऱ्ह्यांबद्दल नाही, याचं कारण कायदा. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाय आणि तिची वासरं यांच्या कत्तलीवर बंदी होती. १९९५ च्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली, आणि बैल व वळूही बंदीत आले. त्यानंतर होल्स्टीन आणि जर्सी संकराचे गोऱ्हे पोसायचे कसे, हा नगर-संगमनेर पट्ट्यातल्या दूध उत्पादकांपुढचा वेगळा आणि मोठा प्रश्न झाला. त्यावर स्वतंत्रच लिहायला हवं. म्हशीचं तसं नाही. म्हशी आणि रेडकं यांच्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो, पण पूर्ण वाढलेला रेडा मांसासाठी विकायला राज्यात कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे इथं एक वाट उघडी आहे. त्या वाटेवर चालायला रेडकू आधी जगलं पाहिजे.

सुरुवात चिकापासून करू, कारण अर्धी लढाई तिथंच जिंकली किंवा हरली जाते. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं गर्भातच वारेतून मिळतात. गाई-म्हशींत ती वाट बंद असते. रेडकू जन्मतं ते रोगांपुढं उघडंच. त्याच्या वाट्याचं सगळं संरक्षण चिकात भरलेलं असतं, आणि ते जसंच्या तसं शोषून घेण्याची आतड्याची ताकद जन्मल्या क्षणापासून कमी होऊ लागते. चोवीस तासांत ती जवळजवळ संपते. म्हणून पशुवैद्य सांगतात ते असं: पहिला चीक तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसभरात मिळून वजनाचा दहावा हिस्सा. तीस किलोचं रेडकू असेल तर तीन लिटर, तेही दोन-तीन वेळांत विभागून.

प्रत्यक्षात काय होतं? पुष्कळ घरांत जार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही अशी जुनी समजूत आहे. जार पडायला आठ तास लागोत की बारा, तोवर रेडकू ताटकळत उभं. खरं तर रेडकू ओढू लागलं की म्हशीच्या अंगात जो स्राव सुटतो त्याने पिशवी आकुंचन पावते आणि जार पडायला मदतच होते. म्हणजे ही समजूत दोघांचंही नुकसान करते. पारडी असेल तर निदान कुणीतरी काळजीने ही रीत मोडतं. रेड्यासाठी कोण मोडणार?

आणि मग खरवस. पहिल्या दिवसाचा चीक सगळ्यात दाट, म्हणून वडीसाठी त्यालाच मागणी. शहरातल्या डेअरीत चीक आला की फोन फिरतात. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून वाफवलेला तो मऊ पिवळसर खरवस माझ्याही घरात आनंदाने खाल्ला जातो, आणि तो खाऊ नये असं मी म्हणणार नाही. बऱ्यापैकी दूध देणारी म्हैस पहिल्या दिवशी रेडकाला पुरून उरेल इतका चीक देते. फक्त क्रम चुकतो. पहिले तीन लिटर रेडकाचे, मग उरेल तो चुलीवर, एवढा नियम पाळला तरी कितीतरी जीव वाचतील.

चिकानंतर दुधाचा प्रश्न येतो, आणि तिथं हिशेब आड येतो. म्हैस गाईपेक्षा हट्टी. रेडकू समोर नसेल तर पुष्कळ म्हशी पान्हा सोडत नाहीत. म्हणून रेडकू सोडायचं, त्याने चार ढुशा द्यायच्या, सडांत दूध उतरलं की त्याला ओढून खुंट्याला बांधायचं आणि चरवी घेऊन बसायचं. धार संपल्यावर कासेत जे राहील ते त्याचं. हात चांगला असेल तर काहीच राहत नाही. रेडकू जिवंत हवं असतं ते पान्ह्यापुरतं. ते मेलं तर काही ठिकाणी त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवतात, काही ठिकाणी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. दूध उतरवण्यासाठी असं इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तरी बाटली मिळते आणि सुई टोचली जाते.

शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. म्हशीच्या दुधाला लिटरमागे पन्नास-साठ रुपये मिळतात असं धरा. रेडकाला रोज तीन लिटर, नव्वद दिवस, म्हणजे २७० लिटर. पंचावन्न रुपयांनी हे झाले जवळपास पंधरा हजार. दोन-तीन म्हशींवर घर चालवणारा माणूस, ज्याचा डेअरीचा पगार दहा दिवसांनी येतो आणि त्यातून पशुखाद्याची कपात होते, तो हे पंधरा हजार ज्याला बाजारात भाव नाही अशा जिवाला कसे पाजणार? तो क्रूर नाही. त्याच्यापुढं मांडलेला हिशेबच क्रूर आहे.

हा हिशेब मोडता येतो. पुस्तकी तक्ता असा आहे: पहिले तीन आठवडे वजनाचा दहावा हिस्सा दूध, पुढं पंधरावा, मग विसावा. हे सगळं म्हशीचं दूध असायलाच हवं असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू मिल्क रिप्लेसर सुरू करता येतो. ही दूध भुकटीवर आणि मठ्ठ्याच्या भुकटीवर आधारलेली पावडर असते. लिटरभर कोमट पाण्यात साधारण सव्वाशे ग्रॅम मिसळायची. म्हशीच्या दुधापेक्षा ती स्वस्त पडते. बदल एकदम केला किंवा पाणी गार असलं तर हगवण लागते, हे मात्र पाळावं लागतं.

त्याहून मोठी बचत खुराकात आहे. रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या पोटाच्या चार कप्प्यांत चौथाच कप्पा मोठा आणि कामाचा असतो. प्यायलेलं दूध एका पन्हळीसारख्या घडीतून पहिल्या कप्प्याला वळसा घालून थेट तिथं जातं. पहिला कप्पा, म्हणजे ज्याच्या जोरावर ते पुढं कडबा पचवणार ते कोठीपोट, तेव्हा लहान आणि अर्धवट असतं. त्याला जागं करतो तो दाणा. मक्याचा भरडा, सोयाबीन किंवा शेंगदाण्याची पेंड, गव्हाचा भुसा, क्षार मिश्रण आणि मीठ असं मऊ, चवदार मिश्रण दुसऱ्या आठवड्यापासून चिमूट-मूठ तोंडाला लावलं की ते पोटात आंबतं, आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळं कोठीपोटाच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे बारीक उंचवटे वाढतात. अन्नरस शोषायचं काम तेच करतात. नुसता कडबा चघळायला दिला तर पोट फुगतं, पण हे उंचवटे तसे वाढत नाहीत. गावागावांत दिसणारं ते मोठ्या पोटाचं, बारीक मानेचं, केस उभे राहिलेलं रेडकू अशा भरल्या पोटीच उपाशी असतं. रोजचा खुराक तीन पाव ते किलोभर स्थिर झाला की दूध तोडता येतं, बहुधा तिसऱ्या महिन्याच्या आगेमागे. यात एक खबरदारी. म्हशीच्या पाटीतली सरकी पेंड रेडकाला देऊ नये. सरकीतलं गॉसिपॉल हे द्रव्य मोठं जनावर पचवतं, कोठीपोट तयार न झालेल्या पिल्लाला ते बाधतं.

आणि जंत. याविषयी मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण इतक्या स्वस्त उपायाअभावी इतके जीव जावेत याचा मला राग येतो. टॉक्सोकारा व्हिट्युलोरम नावाचा गोल जंत म्हशीच्या रेडकांचा मोठा वैरी आहे. त्याच्या अळ्या म्हशीच्या अंगात निपचित पडून असतात. ती व्याली की त्या जाग्या होतात आणि दुधावाटे रेडकाच्या पोटात जातात. म्हणजे गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी आईच्या दुधातूनच लागण होते. तीन-चार आठवड्यांत आतड्यात वीतभर, कधी त्याहून लांब जंतांचे झुपके होतात. शेण मातकट रंगाचं आणि घाणेरड्या वासाचं पडतं, रेडकू माती चाटतं, पोट दुखून पाय झाडतं आणि एका सकाळी उठत नाही. यावर पिपराझिन हे जुनं, साधं औषध आहे. जन्मानंतर दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान एकदा वजनाप्रमाणे पाजलं की जंत अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधीच पडून जातात. खर्च इतका किरकोळ की त्याचा हिशेब कुणी मांडणार नाही.

करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यात या औषधाची तारीख मी भिंतीवर पाहिली. चार दुभत्या म्हशी आणि त्यांच्या पलीकडं पत्र्याखाली सात-आठ टोणगे. गोठा चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, नवरा साखर कारखान्यात हंगामी कामाला. भिंतीच्या गिलाव्यावर कोळशाने रेघा मारलेल्या होत्या, रेडकू कधी आलं, जंताचं औषध कधी दिलं, खुराक कधी धरला. नावं नव्हती. 'कपाळाला टिक्का', 'उजवा कान दुमडल्याला' अशी ओळख लिहिलेली. घरच्या म्हशींचे नर आणि शेजाऱ्यांकडून आणलेले असे मिळून त्या ते वाढवतात.

"आमचं मालक म्हणायचं, रेड्याला कशाला दूध घालतीस?" त्या सांगत होत्या. "मी म्हटलं, न्हाई घालायचं तर बांधून तरी कशाला ठेवायचं? सोडून द्या नदीला. मग गप बसलं."

त्या बादलीला रबरी बोंडी लावून रिप्लेसर पाजतात. बोंडी रेडकाच्या तोंडापेक्षा जरा वर धरतात, कारण मान वर करून ओढलं की दूध नीट वाटेनं जातं आणि ठसका लागत नाही. पाजून झाल्यावर प्रत्येकाचं तोंड ओल्या फडक्याने पुसतात. न पुसता सोडलं तर ती एकमेकांचे कान आणि बेंबी चोखत बसतात, तिथं सूज येते. हे त्यांना कुणी शिकवलं? "तालुक्याच्या डॉक्टरनी थोडं. बाकी बघून कळतंय की, दादा." महिन्यातून एकदा छातीच्या घेराला फीत लावून त्या वजनाचा अंदाज घेतात. दिवसाला चारशे ग्रॅमच्या वर वाढ पडली की त्यांचा चेहरा खुलतो. या गतीने दीड वर्षात टोणगा अडीचशे किलोच्या आसपास जातो. चांगल्या खुराकावर याहून बरीच वेगवान वाढ मिळते, पण खुराकाचा खर्चही तसाच चढतो, आणि त्यांनी आपला मध्य शोधला आहे.

सहा महिन्यांनंतरचं खाणं त्या भागात जे मिळतं त्यावर. उसाच्या हंगामात वाडे मुबलक. पण नुसत्या वाड्यावर जनावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झॅलेट अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं, हाडं कमकुवत होतात. त्यामुळं त्या वाड्याबरोबर कडबा कुट्टी, मुरघास आणि क्षार मिश्रण देतात. उन्हाळ्यासाठी युरिया प्रक्रिया केलेला पेंढा: शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि एकवीस दिवस हवाबंद दाबून ठेवायचा. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकाला तो अजिबात देत नाहीत. पावसाळ्याआधी घटसर्पाची लस, आणि लाळ्या खुरकुताची. घटसर्प म्हशीला गाईपेक्षा जास्त झोडपतो. तापलेलं जनावर दुसरा दिवस पाहीलच याचा भरवसा नसतो.

हे टोणगे शेवटी कुठं जाणार हे त्यांना माहीत आहे का, असं मी विचारलं. त्यांनी सरळ माझ्याकडं पाहिलं. "म्हाईत हाय. मी त्येला उपाशी ठिवला न्हाई, मारला न्हाई. पुढचं माझ्या हातात न्हाई." मांसाहार न करणाऱ्या वाचकाला हे उत्तर अपुरं वाटेल. मला ते प्रामाणिक वाटलं. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले अशी कथा आपण सांगतो, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथं आहे आणि लोक तिथं श्रद्धेने जातात. त्याच महाराष्ट्रात रेड्याचं पिल्लू चिकावाचून मरतं, आणि त्याला जगवण्याचं काम एक बाई कोळशाच्या रेघा मारून करते.

मुंबईत हे याहून अवघड. शहरातले गोठे बाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. तिथल्या आणि उपनगरांतल्या तबेल्यांचं गणित ताज्या व्यालेल्या म्हशीवर चालतं. गुजरात, हरियाणातून जाफराबादी, मेहसाणा, मुऱ्हा म्हशी विकत आणायच्या, आटेपर्यंत दूध काढायचं, मग बदलायच्या. जागा महाग, चारा बाहेरून येणारा. तिथं रेडकाला जागाही नाही आणि त्याच्या वाट्याला थेंबही नाही. तबेल्यात वाढवणं शक्य नसेल तर चीक पाजून चौथ्या-पाचव्या दिवशी ते ग्रामीण भागात वाढवणाऱ्यांकडं पोचवणं, एवढी साखळी तरी उभी राहायला हवी होती.

केंद्र सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. अकराव्या पंचवार्षिक योजनेत म्हशीची नर रेडकं वाचवून वाढवण्यासाठी खास योजना आखली गेली. विचार योग्य होता. गाई-म्हशींपैकी देशातून फक्त म्हैसवर्गाचं, हाड काढलेलं मांस निर्यात होतं. २०२३-२४ मध्ये ते सुमारे १३ लाख टन, ३१ हजार कोटी रुपयांच्या आसपास होतं. एवढ्या मोठ्या व्यवहाराला लागणारं जनावर बहुतांशी आटलेली, म्हातारी म्हैस. तरुण, मऊ मांसाचा टोणगा त्यात कमी, कारण तो लहानपणीच गेलेला. दूध संघांच्याही वासरू संगोपन योजना असतात, चांगल्या असतात, पण त्यांचा रोख पारड्यांवर आणि कालवडींवर. लिंग वर्गीकृत वीर्यमात्रांनी नव्वद टक्के माद्या जन्माला घालता येतात, हा एक मार्ग आहे. पण म्हशीचा माज ओळखणं अवघड, कृत्रिम रेतन गाईइतकं सहज फळत नाही, आणि पुष्कळ म्हशी अजून गावच्या रेड्याकडंच नेल्या जातात. जन्मलेल्या नराचं काय, हा प्रश्न उरतोच. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं आपल्याकडं म्हणतात ते इथं शब्दशः लागू पडतं.

बाहेरच्या देशांनीही हे भोगलं आहे. हॉलंड-फ्रान्सकडं दुग्ध जातींचे गोऱ्हे अरुंद फळ्यांच्या खोक्यात ठेवून, लोह कमी असलेलं दूध पाजून पांढऱ्या मांसासाठी वाढवत. लोकांनी ओरड केली. ब्रिटनने १९९० मध्ये ती खोकी बंद केली, युरोपीय संघाने २००७ पासून. आता आठ आठवड्यांनंतर वासरू एकटं कोंडता येत नाही, त्याला ठरावीक तंतुमय चारा द्यावाच लागतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची किमान पातळी राखावी लागते. ब्रिटनमधल्या दूध आणि मांस व्यवसायाने २०२० मध्ये एकत्र येऊन ठरवलं की २०२३ पर्यंत जन्मतःच नर वासरू मारण्याची सवय मोडायची. आता तिकडं ज्या गाईची कालवड ठेवायची नाही तिला अँगससारख्या मांसल जातीचं वीर्य देतात, म्हणजे होणाऱ्या वासराला पहिल्या दिवसापासून किंमत असते. आपल्याकडून त्यातलं सगळं उचलता येणार नाही. पण वासराच्या पहिल्या आठवड्यांसाठी नियम असावेत आणि ते दूध खरेदी करणाऱ्याने पाळून घ्यावेत, हे तरी घेण्यासारखं आहे.

अडचण बाजाराचीही आहे. मे २०१७ मध्ये केंद्राने जनावरांच्या बाजारात कत्तलीसाठी विक्री करायला बंदी घालणारे नियम काढले, त्यांत म्हशीही होत्या. न्यायालयांनी ते रोखले, पण व्यापाऱ्याच्या मनात धास्ती बसली ती बसली. दाखले असलेली रेड्यांची गाडीसुद्धा रस्त्यात अडवली जाते, माणसांना मार बसतो. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी व्यापाऱ्यांनी या त्रासाच्या निषेधार्थ जनावरांची खरेदीच थांबवली, तेव्हा विकायला जनावर काढलेल्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. कायद्याने जे करायला मोकळीक आहे ते करताना माणूस भिणार असेल, तर दीड वर्ष टोणगा सांभाळायची जोखीम कोण घेईल? या प्रश्नाचं उत्तर पशुसंवर्धन खात्याच्या नव्हे, गृहखात्याच्या हातात आहे.

करवीरच्या त्या बाईंनी जोखीम घेतली आहे. म्हशी बहुतांशी पावसाळा सरताना आणि थंडीत वितात, म्हणून दिवाळीच्या आसपास त्यांच्याकडं नवी रेडकं येतात. सुरुवातीला शेजारी रेडकू फुकट आणून सोडत, तेही आठवडाभराचं, मरायला टेकलेलं, पोटात चिकाचा थेंब न गेलेलं. तशी कितीतरी त्यांच्या हातात गेली. मग त्यांचे टोणगे चांगल्या भावाने विकले गेल्याचं गावभर झालं, आणि आता फुकट कुणी देत नाही. चार दिवसांच्या रेडकाचे पाचशे मागतात, कुणी हजारही. खर्च वाढला म्हणून त्या कुरकुरतील असं मला वाटलं होतं.

"मागू देत की," त्या म्हणाल्या. "पैसं मागाय लागलीत, तवापासनं चीकबी पाजाय लागलीत."